एकाच घराण्यातले दोन देवमासे: एक सावरला, दुसरा का नाही?

२००७ साली अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, तेव्हा बॅरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात, तिथल्या मूळ रहिवासी इनुपियाट लोकांमधल्या शिकाऱ्यांनी एक बोहेड देवमासा मारला. त्याचे तुकडे पाडताना मान आणि खांद्याच्या मधे, चरबीच्या जाड थराखाली, हत्याराला काहीतरी कडक लागलं. निघाला तो धातूचा बोटभर लांबीचा तुकडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू बेडफर्ड गावात बनलेल्या स्फोटक भाल्याचा. त्या भाल्याचं पेटंट १८७९ सालचं. म्हणजे एकोणिसावं शतक संपत आलं होतं तेव्हा कुणीतरी या प्राण्यावर नेम धरला, भाला अंगात फुटला, आणि हा तो तुकडा घेऊन पुढे शंभरावर वर्षं पोहत राहिला. टिळक मंडालेला जाऊन आले, दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला. हा आपला दर वसंतात बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत.

या बोहेडचा एक भाऊबंद अटलांटिकमध्ये राहतो. त्याचं नाव राइट व्हेल, नेमकं सांगायचं तर उत्तर अटलांटिक राइट व्हेल. दोघांची ठेवण इतकी मिळतीजुळती की कुठली जुनी हाडं कुणाची हे आज डीएनए तपासून ठरवावं लागतं. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं या राइट व्हेलच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातले निम्मे बाविशीच्या आसपासच संपतात असं दिसलं. दक्षिण गोलार्धातला त्याचा सख्खा भाऊ, दक्षिणी राइट व्हेल, त्याचं हेच मधलं वय ७३ आहे, आणि दहातला एक तर १३० ओलांडतो. म्हणजे शरीरात खोट नाही. देह शंभर-सव्वाशे वर्षं चालेल असाच घडलेला आहे. राहण्याचा पत्ता तेवढा वाईट.

आज अलास्काच्या बाजूचे बोहेड पंधरा हजारांच्या आगेमागे आहेत. उत्तर अटलांटिक राइट व्हेल ३८० च्या आसपास. घराणं एक, शिकारीनं दोघांचीही तशीच वाताहत केलेली, आणि व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली तीही दोघांसाठी एकाच कराराखाली, १९३५ पासून. मग एक सावरला आणि दुसरा का नाही? उत्तरेकडच्या समुद्रांमधल्या सस्तन प्राण्यांचं काय चाललंय हे समजून घ्यायला मला हा एक प्रश्न पुरेसा वाटतो. सील, वॉलरस, ध्रुवीय अस्वलं यांच्या कथा वेगळ्या आहेत, पण हीच गाठ तिथंही कुठेतरी सापडते.

(देवमासा हा मासा नव्हे, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्याला फुप्फुसं असतात, पिलाला तो दूध पाजतो. तरी शब्द चांगला आहे, मी तोच वापरणार.)

तोंड उघडं ठेवून जगणारा प्राणी

दोघांनाही दात नाहीत. वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना दोनअडीचशेहून जास्त पट्ट्या लोंबत असतात. आपल्या नखाच्याच जातीच्या, आतल्या बाजूनं केसाळ. यांना बलीन म्हणतात. बोहेडच्या पट्ट्या चार मीटरपर्यंत लांब वाढतात. एवढं लांब बलीन दुसऱ्या कुठल्याही देवमाशाला नाही. जेवायची रीत सोपी: तोंड उघडायचं आणि सावकाश पुढे जात राहायचं. समोरून पाणी आत येतं, बाजूंनी बाहेर जातं, आणि केसांच्या चाळणीत अन्न अडकतं. तासन्‌तास हेच.

अन्न म्हणजे काय, तर तांदळाच्या दाण्याएवढे जीव. राइट व्हेलचं मुख्य खाणं कॅलानस नावाचा एक प्राणी, कोळंबीचा लांबचा नातलग. हा कॅलानस उन्हाळ्यात वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती खाऊन अंगात तेलाची एक पिशवी भरून घेतो आणि मग खोल पाण्यात जाऊन महिनोन्‌महिने जवळजवळ झोपून काढतो. राइट व्हेलला हवी असते ती ही तेलाची पिशवी. पण एक दाणा खाऊन साठ-सत्तर टनांचं शरीर चालत नाही. कॅलानस दाट साय धरल्यासारखा एका जागी जमला असेल तरच तोंड उघडं ठेवून पोहण्याचा खर्च भरून निघतो. पातळ पसरला असेल तर जेवण्यात जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच बरंच अवलंबून आहे.

असा प्राणी मंदगतीच असणार. तो किनाऱ्याजवळ येतो, पाठीवर पर नाही, चरबी भरपूर, आणि मेल्यावर बुडत नाही, तरंगतो. होड्यांतून हातानं भाले फेकणाऱ्यांना आणखी काय हवं? 'राइट' म्हणजे मारायला योग्य, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. इतकं निर्लज्ज नाव दुसऱ्या कुठल्या प्राण्याला मिळालं असेल असं वाटत नाही.

सुंठीवाचून खोकला गेला

स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांनी बिस्केच्या उपसागरात अकराव्या शतकापासून राइट व्हेल मारायला सुरुवात केली. सोळाव्या शतकात ते कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर रेड बे इथं तेल कढवण्याच्या भट्ट्या मांडून बसले होते. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवर पोचले. तिथल्या डच वसाहतीचं नावच स्मीरेनबुर्ग, म्हणजे चरबीचं गाव. तिथले बोहेड त्यांनी जवळपास संपवले, ते इतके की तीन-चारशे वर्षांनंतरही ती शाखा शेकड्यांतच मोजावी लागते.

अलास्काच्या बाजूचे बोहेड तेवढे बर्फाच्या आड सुरक्षित होते. १८४८ साली थॉमस रॉइस नावाचा अमेरिकन कप्तान 'सुपीरियर' जहाज घेऊन बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून गेला आणि तिकडं काय आहे हे सांगत परतला. पुढच्याच हंगामापासून रीघ लागली. १८७१ मध्ये यातली ३३ जहाजं बर्फात अडकली आणि तिथंच सोडून द्यावी लागली. बाराशेच्या वर माणसं होड्यांतून निसटली, एकही दगावला नाही. तरी पुढच्या वर्षी लोक परत गेलेच. तेलाला भाव होता, आणि बलीनला तर त्याहून. पाश्चात्त्य बायकांच्या कंबरा आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये, छत्र्यांच्या काड्यांमध्ये बलीन जात असे.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लवचिक पोलाद स्वस्त झालं, फॅशन बदलली आणि बलीनचा बाजार बसला. बोहेडला दयेनं वाचवलं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्याला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून तो वाचला.

बर्फाखालून कोण जातंय?

आता बोहेड सावरला कसा, हे पाहू. त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मोजणीचा आहे.

इनुपियाट लोक या देवमाशाची शिकार हजारेक वर्षं तरी करत आले आहेत. उगरुक सीलच्या कातड्यानं मढवलेली होडी, तिला उमियाक म्हणतात, बर्फाच्या कडेला नेऊन ठेवायची, पांढरे अंगरखे घालायचे आणि गप्प बसून वाट पाहायची. वसंतात बर्फाला लांबच लांब भेगा पडतात, त्यातल्या मोकळ्या पाण्यातून देवमासे वर येतात. मांस गावात वाटलं जातं, विकत नाहीत. जूनमध्ये नालुकाटाकचा सण होतो, तेव्हा ज्या कप्तानाला देवमासा मिळाला तो अख्ख्या गावाला जेवू घालतो.

१९७० च्या दशकात अलास्कात तेलाचा पैसा आला, होड्या घालणारे वाढले. नवख्या तांड्यांच्या हातून जखमी होऊन निसटणारे देवमासेही वाढले. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या शास्त्रज्ञांच्या मते तेव्हा फार तर दीडदोन हजार बोहेड उरले होते. १९७७ मध्ये आयोगानं ही शिकार पूर्ण थांबवायचं ठरवलं. गावांवर वीज पडली. तिथं डिसेंबरात सूर्य उगवत नाही, शेती नाही, आणि दुकानातलं मांस विमानानं येतं. त्याच वर्षी शिकाऱ्यांनी आपला स्वतःचा आयोग स्थापन केला आणि भांडण मांडलं: तुमची मोजणीच चुकीची आहे.

मोजणी व्हायची ती अशी. बर्फाच्या उंचवट्यावर माणसं बसायची आणि मोकळ्या पाण्याच्या भेगेतून जाणारे देवमासे मोजायची. भेग बर्फानं मिटली की देवमासे थांबले, असं गृहीत. श्वास घ्यायला पाणी लागतं, बर्फाखाली जातील कसे? हॅरी ब्राउअर नावाच्या अनुभवी कप्तानानं टॉम अल्बर्ट या शास्त्रज्ञाला सांगितलं की ते बर्फाखालूनच जातात, रुंद फळी धरून, भेगेपासून मैलोन्‌मैल लांब. बोहेडचं डोकं शरीराच्या एकतृतीयांश असतं. डोक्याच्या उंचवट्यानं ते बर्फ खालून फोडतात आणि तेवढ्याशा फटीतून श्वास घेतात. दोन फूट जाडीचा बर्फ फोडतात असं शिकारी सांगायचे.

शाब्बासकी अल्बर्टला अशासाठी की त्यानं हे ऐकून सोडून दिलं नाही, तपासायचं ठरवलं. बर्फाच्या कडेनं पाण्यात माइक सोडले, ठरावीक अंतरावर. एकच हाक वेगवेगळ्या माइकवर किती पुढेमागे पोचते त्यावरून हाक मारणारा कुठं आहे हे काढता येतं. आणि भेग पूर्ण मिटलेली असताना, डोळ्यांना एकही देवमासा दिसत नसताना, माइकवर हाकांची नुसती वर्दळ. लांब, बर्फाखाली, ब्राउअरनं सांगितलं तिथंच.

मोजणीची पद्धत बदलली तशी संख्याही बदलली. २००१ मध्ये दहा हजारांच्या वर, २०११ मध्ये सोळा हजारांच्या वर. यातली थोडी वाढ नव्या मोजणीमुळे दिसलेली, पण बरीचशी खरीखुरी: वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. शिकार चालूच होती आणि आहे. वर्षाला ६७ वार, असा आंतरराष्ट्रीय आयोगानं ठरवलेला आकडा, गावागावांत वाटून दिलेला. पंधरा हजारांच्या कळपाला ती सहज झेपते. देवमासा मारू देऊन देवमासा वाचतो हे अनेकांच्या पचनी पडत नाही, मलाही पहिल्यांदा पडलं नव्हतं. पण ज्याचं पोट त्या प्राण्यावर आहे तोच माणूस आज बॅरोच्या किनाऱ्यावर, म्हणजे २०१६ पासूनच्या उतकियागविकमध्ये, समुद्रतळाखाली तेल शोधणाऱ्या कंपनीच्या जहाजाला 'आत्ता नको, देवमासे जातायत' असं सांगायला उभा असतो.

आणि एक साधी गोष्ट. बोहेडच्या वाटेवर कुणी नव्हतं. वर्षातले बरेच महिने बर्फ, मालवाहू जहाजं जवळपास नाहीत, मासेमारी थोडी. बर्फ म्हणजे घराला कुलूप.

अटलांटिकमधलं घर

राइट व्हेलला असं कुलूप नव्हतं. मादी फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या उबदार पाण्यात पिलाला जन्म देते आणि मग त्याला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला निघते. वाटेत सवाना, नॉरफोक, न्यूयॉर्क, बॉस्टन. गजबजलेल्या बंदरांच्या दारातून, आणि वेग ताशी पाचसहा किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून म्हैस आणि रेडकू चालत जावं तसं.

जहाजाची धडक बसते कारण जेवताना तो पाण्याच्या पृष्ठभागालगत असतो, काळा, पर नसलेला. जहाज हाकणाऱ्या माणसाला दिसत नाही. देवमाशाला जहाज ऐकू का येत नाही? इंजिन आणि पंखा मागच्या टोकाला, मधे अख्खं जहाज; अगदी नाकासमोर आवाजाची सावली पडते. यावर उपाय एकच, वेग कमी. २००७ च्या एका अभ्यासात धडक बसल्यास देवमासा मरण्याची शक्यता १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वेगाला सुमारे ८० टक्के आणि साडेआठ नॉटला २० टक्के निघाली. त्यानंतर २००८ पासून अमेरिकेत ६५ फुटांच्या वरच्या जहाजांना ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत १० नॉटची मर्यादा आली. ताशी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे नेटानं मारलेली सायकल. छोट्या जहाजांनाही ती लावायचा प्रस्ताव २०२२ मध्ये मांडला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

आवाजाचं प्रकरण तर असं उघडकीस आलं की ऐकून अंगावर काटा येतो. २००१ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागरात काही शास्त्रज्ञ राइट व्हेलची विष्ठा गोळा करत होते. ती विटकरी रंगाची असते, तरंगते आणि तिचा वास असा की कुत्र्याला लांबून लागतो; पुढे या कामासाठी होडीच्या नाळेवर खास शिकवलेली कुत्रीच नेऊ लागले. विष्ठेतून ताणाचं संप्रेरक मोजता येतं. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कवर हल्ला झाला, जहाजांची ये-जा एकदम घटली आणि उपसागरातला पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलनी उतरला. रोझलिंड रोलंड आणि सहकाऱ्यांनी नंतर नमुने ताडून पाहिले. त्या थोड्या दिवसांत देवमाशांच्या अंगातलं ताणाचं संप्रेरकही उतरलं होतं. तसं ते नंतरच्या वर्षांच्या सप्टेंबरात उतरलेलं दिसलं नाही. एरवी आपण ज्याला या प्राण्याची नेहमीची अवस्था समजत होतो, ती जाचातली अवस्था होती.

पण सगळ्यात वाईट वैरी दोरी.

लॉबस्टर आणि खेकडे पकडायचे पिंजरे समुद्राच्या तळाशी ठेवतात. पिंजऱ्यापासून एक दोरी सरळ वर येते आणि तिला पृष्ठभागावर बोया बांधलेला असतो, म्हणजे आपला पिंजरा कुठला हे कळतं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या एकट्या मेन राज्यात परवाना असलेल्याला ८०० पिंजरे ठेवता येतात. आता तोंड उघडं ठेवून पोहणारा प्राणी आणि पाण्यात उभ्या असलेल्या असंख्य दोऱ्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. दोरी बलीनच्या पट्ट्यांत अडकते. तो बिचकून गिरकी घेतो, आणि गिरकीबरोबर दोरी वल्ह्यांसारख्या पुढच्या परांना, शेपटीला गुंडाळते. ताकदवान असला तर पिंजऱ्यासकट निघून जातो. पुढे काय? दोरी रुतत जाते, कातडी, चरबी, मग हाड. मागे ओढलेल्या वजनामुळे पोहायला दुप्पट मेहनत, तोंड नीट मिटत नाही म्हणून जेवण अर्धं. यात मरायला सरासरी सहा महिने लागतात. पूर्वी नैसर्गिक धाग्याच्या दोऱ्या कुजायच्या, तुटायच्या. १९९० च्या दशकापासून कृत्रिम धाग्याच्या फार मजबूत दोऱ्या आल्या आणि जखमाही गंभीर झाल्या. आज पाचांतल्या चारांहून जास्त राइट व्हेलच्या अंगावर दोरीचे वळ आहेत. कित्येकांच्या अंगावर एकाहून जास्त वेळचे.

स्नो कोन नावाची एक मादी होती. प्रत्येक राइट व्हेलच्या डोक्यावर खरबरीत पांढुरक्या चकत्या असतात, प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यावरून त्यांची ओळख पटते आणि नोंदवही ठेवली जाते. स्नो कोनचं आधीचं पिलू २०२० च्या जूनमध्ये न्यू जर्सीजवळ जहाजाच्या धडकेनं मेलेलं. २०२१ च्या मार्चमध्ये ती स्वतः दोरीत अडकलेली दिसली. काही दोरी कापता आली, काही तोंडातून निघेना. त्याच डिसेंबरात ती दक्षिणेला दिसली, दोरी ओढत, आणि शेजारी नवं पिलू. दोरी अंगात असताना बाळंत झालेली. पुढच्या काही महिन्यांत पिलू दिसेनासं झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नँटकेट बेटाजवळ ती शेवटची दिसली ती पांढरी पडलेली, अंगावर उवा माजलेली, नव्या दोरीसकट.

आगीतून फुफाट्यात

२०१० पर्यंत चित्र इतकं काळं नव्हतं. २००९ च्या हंगामात तब्बल ३९ पिलं झाली, संख्या ४८० पर्यंत चढली होती. मग मेनच्या आखातात खोलवर उबदार पाणी शिरू लागलं. कॅलानसला थंड पाणी लागतं. त्याची साय विरळ झाली. वर म्हटलं तो हिशेब इथं आला. देवमासे अन्न शोधत उत्तरेला कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले.

तिथं कॅलानस होता. पण तिथं राइट व्हेल येतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे वेगमर्यादा नाही, आणि खेकड्यांची मासेमारी जोरात, जाड दोऱ्यांनी. बॉस्टनजवळ आणि फंडीत जहाजांचे मार्ग हलवून, नियम करून जे वीसेक वर्षांत साधलं होतं ते नकाशावर जागच्या जागी राहिलं आणि प्राणीच निघून गेले. २०१७ च्या एका उन्हाळ्यात त्या आखातात बारा मेलेले सापडले, त्या वर्षभरात अमेरिकेच्या बाजूला पाच. साडेचारशेच्या आतबाहेरच्या कळपातले सतरा. आणि जितके मरतात त्यातले जेमतेम एकतृतीयांश सापडतात.

त्याच जुलैत जो हाउलेट हा लॉबस्टर पकडणारा मच्छीमार, जो अडकलेले देवमासे सोडवण्याचंही काम करायचा, एका राइट व्हेलची शेवटची दोरी कापल्या कापल्या त्याच्या शेपटीच्या तडाख्यात सापडून गेला. देवमासा मोकळा होऊन निघून गेला होता.

कॅनडानं मग हातपाय हलवले: वेगमर्यादा, आणि विमानातून किंवा माइकवर देवमासा टिपला गेला की तो भाग मासेमारीला तात्पुरता बंद. तरी २०१९ मध्ये पुन्हा नऊ गेले.

मरण एवढीच अडचण नाही. मादीला पिलू वाढवायला चरबीची पुंजी लागते. जखमा भरण्यात, दोरी ओढण्यात, विरळ अन्नामागे फिरण्यात ती पुंजी उडते. निरोगी मादी तीन वर्षांनी विते. आता सहा ते दहा वर्षं मधे जातात. २०१८ च्या हंगामात तर एकही पिलू दिसलं नाही. शरीरंही खुजी होत चाललीत: २०२१ चा अभ्यास सांगतो की आत्ता जन्मलेला राइट व्हेल १९८० च्या सुमारास जन्मलेल्यापेक्षा पूर्ण वाढल्यावर मीटरभर आखूड राहतो. पिलं होऊ शकतील अशा माद्या आज सत्तरच्या आसपास. अमेरिकन कायद्याच्या सूत्रानं माणसाच्या हातून वर्षाला किती मेले तर कळपाला झेपेल हे काढतात. उत्तर येतं एकाहून कमी.

दोष कुणाचा?

इथं मच्छीमाराला खलनायक करणं फार सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. मेनच्या किनाऱ्यावर चारपाच हजार कुटुंबं लॉबस्टरवर जगतात. अंड्यावरची मादी पाण्यात परत सोडायची, तिच्या शेपटीला खूण करायची, असे नियम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेत. वर्षानुवर्षं त्यांचं म्हणणं होतं की आमच्या दोरीनं एकही राइट व्हेल मेल्याचा पुरावा नाही. ते खरंही होतं, कारण मेलेल्या देवमाशावर सापडलेली दोरी बहुतेक वेळा कुणाची हेच कळत नसे. म्हणून मेनमधल्या दोऱ्यांवर जांभळ्या खुणा करायचा नियम २०२० पासून आला. जानेवारी २०२४ मध्ये मार्थाज् व्हिनयार्ड बेटाच्या वाळूत तीन वर्षांची एक मादी मेलेली लागली. शेपटीत खोल रुतलेल्या दोरीवर जांभळ्या खुणा होत्या.

उपाय माहीत आहे. पिंजरा तळाशी, दोरी त्याच्याच सोबत गुंडाळलेली. होडी वर आली की ध्वनीचा संकेत पाठवायचा, मग बोया सुटून वर येतो किंवा फुगा भरून पिंजरा उचलतो. पाण्यात उभी दोरी नाही. मग घोडं कुठं अडतं? एक तर यंत्र महाग. दुसरं, बोया वर दिसला नाही तर शेजाऱ्याला तुमचा पिंजरा कुठं आहे ते कळणार कसं? तो आपल्या पिंजऱ्यांची माळ तुमच्या पिंजऱ्यावरच टाकणार. पडद्यावर सगळ्यांचे पिंजरे दिसायची सोय हवी, आणि ती सगळ्यांनी वापरायला हवी. अमेरिकन संसदेनं २०२२ च्या डिसेंबरात लॉबस्टरसाठीचे नवे नियम २०२८ अखेरपर्यंत पुढे ढकलले. सहा वर्षांची मुदत मच्छीमाराला मोठी वाटत नाही. सत्तर माद्यांच्या हिशेबात ती फार मोठी आहे.

कुलूप निघतंय

आता परत बोहेडकडे. त्याचं सध्या बरं चाललंय, आणि गंमत म्हणजे त्यात थोडा हात तापमानवाढीचाही आहे. उन्हाळ्यात बर्फ कमी म्हणजे पाण्यात ऊन जास्त, प्लवक जास्त. शिकाऱ्यांना अलीकडे धष्टपुष्ट देवमासे मिळतात. पण वेळापत्रक बिघडू लागलंय. २०१८-१९ च्या हिवाळ्यात काही बोहेड दक्षिणेला गेलेच नाहीत. २०१९ च्या शरदात उतकियागविकच्या होड्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रिकाम्या हातानं परतत होत्या, देवमासे किनाऱ्याजवळ आलेच नव्हते. मोकळ्या पाण्यात ऑर्का, म्हणजे देवमाशांची शिकार करणारे किलर व्हेल, येतात, ज्यांना उंच परामुळे बर्फात शिरायला जड जायचं. आणि रशियाच्या किनाऱ्यानं जहाजं येतात. बेरिंगची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी ८५ किलोमीटर आहे. देवमाशांनाही तिथूनच जायचं, जहाजांनाही तिथूनच.

उतकियागविकमध्ये मारलेल्या देवमाशांची कातडी आता शास्त्रज्ञ आणि शिकारी मिळून तपासतात. दर आठ-दहांतल्या एकाच्या अंगावर, बहुतेक शेपटीच्या मुळाशी, दोरीचे पांढरे वळ दिसतात. २०१५ च्या जुलैत बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटाजवळ एक पूर्ण वाढलेली मादी तरंगताना सापडली. तिच्याबरोबर तिथल्याच खेकड्याच्या पिंजऱ्याची दोरी होती. कोणत्या हंगामाची, हेही शोधून काढता आलं: दोनेक वर्षांपूर्वीच्या.